धंद्याचा रकाना

तुळशीचें लग्न लागलें कीं घरोघरीं इतर लग्नांच्या गोष्टी निघतात, आणि आमच्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास चार दिवस पुन्हां काम मिळतें. भाषा शुद्ध व अक्षर वळणदार असा आमचा थोडासा लौकिक असल्यामुळें आळींतील मंडळी मुलामुलींचीं परिचयपत्रें आमच्याकडून लिहून नेतात. पुढें तीं कोणी संगणकावर उतरवून घेतो ती गोष्ट निराळी. नांव, गोत्र, जन्मवेळ, उंची, शिक्षण, धंदा, अपेक्षा हे रकाने ठरलेले असतात. अशीं शेंदोनशें पत्रें आम्हीं आजवर लिहिलीं असतील. परंतु एखाद्या रकान्यापाशीं लेखणी अडून बसली असें कधीं झालें नव्हतें. तें यंदा झालें, आणि तेंही आमच्याच घरांत.

आमचे वडील बंधु निवर्तल्यास सहा वर्षें झालीं. त्यांचा उशिरां झालेला एकुलता एक मुलगा सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर आहे. पुण्यास एका औषधांच्या कारखान्यांत तो नोकरीस होता. दोन वर्षांपूर्वीं ती नोकरी सोडून तो एका पबमध्यें बिअर तयार करण्याच्या कामास लागला. वहिनींनीं ही गोष्ट प्रथम आम्हांपासूनही झांकून ठेविली. कोणीं विचारलें कीं "अन्नप्रक्रियेंत आहे" असें त्या सांगत. या उत्तराच्या बळावर एक स्थळ साखरपुड्याच्या बोलण्यापर्यंत आलें; मग मुलीच्या वडिलांस कोणाकडून तरी खरी हकीकत कळली आणि स्थळ परत गेलें. तेव्हांपासून वहिनी मुलाशीं दूरध्वनीवरही धड बोलत नव्हत्या. कार्तिक संपतां संपतां एके दिवशीं त्यांनीं कोरा कागद आमच्यापुढें ठेविला व म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही भाषा जाणतां. धंद्याच्या रकान्यांत असा एक शब्द घाला, कीं खोटंही होऊं नये आणि लग्नही मोडूं नये."

वाचकहो, असे शब्द भाषेंत पुष्कळ असतात. धर्मराजानें रणांगणावर असाच एक योजिला होता, आणि त्यानंतर त्याच्या रथाचीं चाकें भुईला टेकलीं असें महाभारतकार सांगतात. आम्हीं वहिनींस एवढेंच म्हटलें कीं शब्द देण्यापूर्वीं वस्तु पाहिली पाहिजे. मद्यालयाची पायरी आम्हीं जन्मांत चढलों नव्हतों. ती चढण्याचें ठरविलें.

माळीवाड्याच्या स्थानकावरून सकाळची एस्. टी. धरली. नगर ते पुणें हा सुमारें १२० किलोमीटरांचा रस्ता. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अधिकृतपणें अहिल्यानगर झालें असलें तरी आमच्या तोंडीं अजून जुनेंच येतें, त्याबद्दल क्षमा असावी. सुपें मागें पडलें तेव्हां मनांत सहजच राळेगणसिद्धीची आठवण झाली, कारण तें गांव याच पारनेर तालुक्यांत, महामार्गापासून थोडेंसें आंत आहे. अण्णा हजारे १९७५ सालीं सैन्यांतून तेथें परतले, त्या काळीं गांवांत हातभट्ट्या जागोजागीं पेटलेल्या असत. यादवबाबांच्या देवळांत लोक एकत्र बसले, भट्ट्या विझल्या, आणि गांवाचा पुढील सारा उत्कर्ष त्यानंतरचा आहे. याच जिल्ह्यांत पांगरमल येथें फेब्रुवारी २०१७ मध्यें, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या जेवणावळींत विषारी दारू वाढली गेली आणि कित्येक घरचे कर्ते पुरुष प्राणांस मुकले. अशा मुलखांतून आम्ही निघालों होतों. शाळेंतील एक हुशार मुलगाही डोळ्यांपुढें आला. त्याच्या वडिलांनीं आधीं सायकल विकली, मग घरांतील तांब्यापितळेचीं भांडीं, आणि सहामाहीच्या आदल्या दिवशीं मुलाचीं पुस्तकें. तो मुलगा पुढें शाळेंत आला नाहीं. तेव्हां आमचें मन कोऱ्या पाटीसारखें होतें असें कोणीं समजूं नये. पाटीवर पुष्कळ लिहिलेलें होतें.

खराडीस उतरलों तों पुतण्या रिक्षा घेऊन उभा. "तुझी दुचाकी कोठें आहे?" असें विचारतां म्हणाला, "काका, आज दुपारीं चाखणी आहे. ज्या दिवशीं चाखायचं, त्या दिवशीं मी गाडी काढीत नाहीं." हें उत्तर आम्हीं मनांत टिपून ठेविलें.

तो पब मुंढव्याच्या बाजूस आहे. त्याचें नांव आम्ही देत नाहीं. येथें कोणाची जाहिरात करावयाची नाहीं, तशी निंदाही करावयाची नाहीं. पब हा शब्द इंग्रजींतील 'पब्लिक हाउस'चें लघुरूप, म्हणजे सार्वजनिक घर. आम्ही तीन वाजतां पोहोंचलों, त्यामुळें गिऱ्हाइकें तुरळक होतीं. अंधाऱ्या कोंदट गुत्त्याची कल्पना करून गेलेल्या आम्हांस प्रथम दिसलें तें मोठें मोकळें दालन, कुंड्यांतील झाडें, आणि एका बाजूस काचेची भिंत. काचेपलीकडे माणसाहून उंच, चकचकीत पोलादी टांक्या रांगेनें उभ्या होत्या. तें पुतण्याचें कामाचें ठिकाण. पायांतील जोडे काढून रबरी जोडे घालावयास त्यानें लाविलें, हात धुवावयास लाविलें, आणि मगच आंत घेतलें. आमच्या आईच्या सोंवळ्याची आठवण व्हावी इतका तेथें स्वच्छतेचा कडकपणा होता. त्याचें कारणही त्यानें सांगितलें : एका टांकींत एक भलता जंतु शिरला तर हजार लिटर माल गटारांत ओतावा लागतो.

ही विद्या काय आहे तें आम्हीं विद्यार्थ्यासारखें विचारून घेतलें. जव म्हणजे आपला सातू भिजवितात, त्यास मोड आणितात आणि मोड आलेलें धान्य वाळवितात. यासच माल्ट म्हणतात. आपल्या घरीं लेकरांसाठीं नाचणीचें सत्त्व करितांना बायका नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात; तीच ही कृति. मोड येतांना धान्यांत असे पाचक पदार्थ उत्पन्न होतात कीं ते पिठाची साखर करूं शकतात. तें माल्ट भरडून सुमारें ६५ अंश उष्ण पाण्यांत तासभर ठेवितात. पाणी याहून फार तापलें तर ते पाचक पदार्थ मरतात, फार निवलें तर सुस्तावतात. मग चोथा बाजूस काढून गोड पाणी निराळें घेतात आणि हॉप नांवाच्या वेलीचीं वाळलेलीं फुलें घालून तें तासभर उकळतात. या फुलांनीं कडवटपणा येतो व माल टिकतो. नंतर तें झपाट्यानें थंड करून त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातें आणि तिचें मद्य व वायु करितें. एका जातीची बिअर वीस अंशांच्या सुमारास आठपंधरा दिवसांत तयार होते. दुसरीस याहून पुष्कळ थंडावा व कित्येक आठवड्यांचा अवधि लागतो. उरलेला चोथा जवळपासच्या गोठ्यांतील जनावरांस जातो.

गोड पाणी गाळून निघत होतें, तेव्हां पुतण्यानें एक लहान पेला भरून आमच्यापुढें धरिला. "काका, हें घ्यायला हरकत नाहीं. यांत अजून यीस्ट पडलेलं नाहीं, मद्याचा थेंब नाहीं." आम्हीं घेतलें. कोमट, गोड, भाजलेल्या धान्याच्या वासाचें, काकवी पातळ केल्यासारखें तें पेय होतें. आजाऱ्याच्या उशाशीं ठेवावें असें! आणि याच पेल्यांत चिमूटभर यीस्ट पडून आठ दिवस गेले कीं तें मनुस्मृतीनें महापातकांत घातलेलें द्रव्य होतें. आम्ही त्या पेल्याकडे बराच वेळ पाहात राहिलों.

पुतण्या म्हणाला, "आमच्या पुस्तकांत या क्रियेला किण्वन म्हणतात." आम्हांस हंसूं आलें. हा शब्द पुस्तक लिहिणारांनीं नवीन घडविलेला नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत मेदक नांवाच्या मद्याची कृति दिली आहे : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक आणि किण्व तीन प्रस्थ. किण्व म्हणजेच ह्या मुलाचें यीस्ट. कौटिल्याचें पानागारही वाचण्यासारखें आहे. त्यांत निरनिराळ्या खोल्या असाव्यात, बसण्यानिजण्याच्या जागा वेगवेगळ्या असाव्यात, सुगंध, पुष्पमाला व पाणी असावें, आणि तें सर्व ऋतूंत सुखकर असावें, असें तो सांगतो. म्हणजे आमच्यासमोरचें झाडेंकुंड्यांचें दालन पश्चिमेकडून आजच आलेलें आहे असें म्हणण्यास फारसा आधार नाहीं.

परंतु येथें एका पळवाटेचा बंदोबस्त केला पाहिजे. आमच्या आप्तांपैकीं कांहीं सुशिक्षित तरुण म्हणतात, "बिअर म्हणजे काय हो, जवाचं पाणी!" शास्त्राच्या दृष्टीनें ही पळवाट बंद आहे. मनूनें सुरा तीन प्रकारची सांगितली : गुळापासून गौडी, पिठापासून पैष्टी, व माध्वी. धान्याची म्हणून बिअर ही पैष्टी. आणि सुरा या शब्दाचा मुख्य अर्थ पैष्टी हाच, असें टीकाकार मानितात. शास्त्र नको असेल त्यांनीं अंकगणित घ्यावें. अर्धा लिटर बिअरींत शेंकडा ५ प्रमाणें शुद्ध मद्यार्क २५ मिलिलिटर होतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरांच्या लहान मापांत, शेंकडा ४२.८ प्रमाणें, तो १३ मिलिलिटरांहून किंचित् कमी भरतो. म्हणजे बिअरचा एक मोठा पेला व व्हिस्कीचीं दोन मापें यांत मद्यार्क जवळजवळ सारखाच. जागतिक आरोग्य संघटनेनेंही जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं आरोग्यास निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं. हें सर्व पुतण्यास आम्हांपेक्षां अधिक ठाऊक होतें. "जवाचं पाणी म्हणणारांना मीच हा हिशेब दाखवितों," असें तो म्हणाला. हें दुसरें उत्तर टिपून ठेविलें.

अशा लहान मद्यशाळांचें पुण्यास कांहीं नवल राहिलेलें नाहीं. देशांतील आरंभींच्या अशा शाळांपैकीं एक २००९ सालीं पुण्यांतच निघाली. तिचें नांव डूलाली. हें नांव आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील देवळालीवरून आलें आहे. इंग्रजी अमदानींत मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहात देवळालीच्या छावणींत दिवस काढीत. ऊन, ताप आणि रिकामपण यांनीं कित्येकांचें डोकें फिरे. त्यावरून त्या गांवाचें नांवच इंग्रजींत वेडसरपणाचा शब्द होऊन बसलें. रिकामपणानें माणूस मद्याकडे वळतो कीं मद्यानें वेडाकडे, याचा निकाल त्या एका शब्दावरून लागत नाहीं. पण दोहोंचा शेजार मात्र दिसतो.

कायद्याची गोष्टही मौजेची आहे. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० सालीं राज्यांत संपूर्ण दारूबंदी आली, व पुढें ती महाराष्ट्रांत हळूहळू सैल झाली. तथापि कायदा तोच आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नांवानें तो आजही चालू आहे, आणि हीं पोलादी पिंपें दारूबंदीच्याच कायद्याखालील परवान्यानें उभीं आहेत! बिअर पिण्यास वय २१ पूर्ण पाहिजे, कडक मद्यास २५. पिणारानेंही परवाना घेतला पाहिजे असा नियम आहे. तो किती जण घेतात हें वाचकांस ठाऊक आहेच.

चार वाजतां आम्हांस भूक लागली. पुतण्यानें शाकाहारी पदार्थ मागविले : कांदा, कोथिंबीर व लिंबू घातलेले शेंगदाणे, आणि टांकीतील जवाच्या चोथ्याचें पीठ मिसळून भाजलेला पाव. पाव काळसर, खरखरीत, भाकरीच्या जवळचा होता आणि आम्हांस तो आवडला. शेजारच्या टेबलावर सामिष ताटें येत होतीं. त्यांचा वास सोसावा लागला. आम्हीं लिंबाचें सरबत घेतलें. मद्य घेतलें नाहीं. आमचा नियम आहे, व या वयांत तो मोडण्यास कारण दिसलें नाहीं. पुतण्यानेंही आग्रह केला नाहीं.

सायंकाळ झाली तशी टेबलें भरूं लागलीं. एका टेबलापाशीं एक पन्नाशीचे गृहस्थ व त्यांची कन्या बसलीं होतीं. दोघांपुढें एकेक पेला, आणि दोघें तिच्या नोकरीविषयीं बोलत होतीं. हें दृश्य पाहून आम्हांस बरें वाटलें असें म्हणवत नाहीं. परंतु त्याच वेळीं आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचें स्मरण झालें. विद्वान् माणूस, गीतेवर प्रवचनें करीत, आणि रात्रीं माडीवरची खोली आंतून लावून पीत. बायकोस ठाऊक होतें, मुलांस ठाऊक होतें, आम्हांसही ठाऊक होतें. पण एकानेंही एक शब्द काढिला नाहीं. यकृत गेलें तेव्हां वर्तमानपत्रांत "अल्पशा आजारानें" असें छापून आलें. त्या घरीं कोणीं पुढें येऊन "हें पुरे झालें" असें म्हटलें असतें तर? पण म्हणावयास आधीं ती गोष्ट आहे असें कबूल करावें लागतें. आपल्या घरांतून मद्य नाहीं असें आपण समजतों. तें अनेक घरांत येऊन बरीच वर्षें झालीं. त्याविषयींचें खरें बोलणें तेवढें अद्याप आलेलें नाहीं. समोरच्या त्या गृहस्थांनीं कन्येस "आतां पुरे" असें म्हटलें तर तिला तें ऐकूं तरी येईल. आमच्या सहकाऱ्याच्या बंद दाराबाहेर कोण काय म्हणणार होतें?

आठाच्या सुमारास गाणें इतकें मोठें झालें कीं बोलणें अशक्य झालें. आम्ही दोघे कागदाच्या रुमालावर लिहून संभाषण करूं लागलों. इतक्यांत दाराजवळच्या टेबलावरून चार तरुण उठूं लागले. टेबलावर रिकामे पेले पुष्कळ होते, आणि एकाच्या बोटांत मोटारीची चावी फिरत होती.

येथें वाचकांस स्मरण दिलें पाहिजे कीं हा तोच मुंढव्याचा भाग आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरांत भरधाव मोटारीनें दुचाकीवरील एका तरुणास व एका तरुणीस ठार केलें. दोघेंही अभियंते होते. मोटार चालविण्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, व तो त्याच रात्रीं या भागांत मद्य घेऊन निघाला होता असें पोलिसांचें म्हणणें. त्यास प्रथम ज्या अटींवर जामीन मिळाला त्यांत अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोक खवळले व तो हुकूम पुढें बदलण्यांत आला. आम्हीं आयुष्यभर निबंध तपासले आहेत. निबंधानें काय होतें व काय होत नाहीं हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.

आम्हीं रुमालावर लिहिलें : "चावी कोणाकडे आहे, विचार." पुतण्यानें वाचलें, खालीं लिहिलें : "काका, तें माझं काम नाहीं. मी फक्त करतों. वाढणारे वेगळे, दारावरचे वेगळे." स्वतःच्या चावीविषयीं इतका दक्ष असलेला मुलगा दुसऱ्याच्या चावीपाशीं येऊन थांबला. आम्हांस राग आला नाहीं. कारण हेंच उत्तर साखर कारखान्याची मळी विकणारा देतो, मळीपासून मद्यार्क काढणारा देतो, दुकानदार देतो, आणि कर घेणारें सरकारही देतें. प्रत्येक जण आपापला रकाना भरून मोकळा होतो.

आम्हीं कौटिल्याचा आणखी एक नियम रुमालावर लिहिला. पानागारांत गिऱ्हाईक झिंगून निजलें असतां त्याचे दागिने, वस्त्र किंवा द्रव्य नाहींसें झालें, तर विकणाऱ्यानें तें भरून द्यावें व तेवढाच दंड वर द्यावा. म्हणजे ज्यानें पाजलें त्याची जबाबदारी पेला रिकामा झाल्याबरोबर संपत नाहीं. दागिन्यासाठीं एवढी, तर प्राणासाठीं किती, हें आम्हीं लिहिलें नाहीं.

पुतण्या कांहीं वेळ त्या कागदाकडे पाहात बसला. मग उठला आणि त्या चौघांकडे गेला. काय बोलला तें गाण्याच्या गोंगाटांत ऐकूं आलें नाहीं. चावीवाला प्रथम हंसला, मग कांहींसा चिडला, दुसऱ्यानें त्याच्या खांद्यावर हात ठेविला. पांचदहा मिनिटें गेलीं. अखेर चावी खिशांत गेली, भाड्याची मोटार आली आणि ते तिच्यांत बसले. पुतण्या परत आला तेव्हां त्याच्या कपाळावर घाम होता. "पहिल्यांदाच विचारलं," असें तो म्हणाला. आम्हीं विचारलें, "उद्यां?" तो म्हणाला, "मालकांशीं बोलून बघतों." याहून मोठें वचन आम्हीं मागितलें नाहीं. एका रात्रीच्या एका चावीनें जग सुधारत नाहीं. आणि आमच्यासमोर लाजेनें केलेली गोष्ट पाठीमागें टिकेल कीं नाहीं हें काळच सांगेल.

रात्रीं त्याच्या बिऱ्हाडीं मुक्काम केला. निजण्यापूर्वीं त्यानें विचारलें, "काका, आईला काय सांगाल?" आम्हीं म्हटलें, "पाहिलें तें." शुक्राचार्यांची कथा त्यास सांगितली. दैत्यांनीं कचाची राख मद्यांत कालवून त्याच्याच गुरूस पाजली. तेव्हां शुद्धीवर आलेल्या शुक्राचार्यांनीं ब्राह्मणांस मद्य वर्ज्य अशी मर्यादा घातली. आमच्या बंदीचा मूळ पुरुष हा स्वतः पिऊन चुकलेला व तें उघड कबूल करणारा होता. त्या मर्यादेंत जें वजन आहे तें त्या कबुलींतून आलें, असें आम्हांस नेहमीं वाटतें.

दुसऱ्या दिवशीं नगरास परतलों. वहिनींस सर्व हकीकत सांगितली. स्वच्छता सांगितली, गोड पाण्याचा पेला सांगितला, अर्ध्या लिटरचें अंकगणित सांगितलें, चावीची गोष्टही सांगितली. आमचें मत त्यांनीं विचारलें, तेंही दिलें : "हा धंदा आपल्या कुळानें निवडावा असा नव्हे, असेंच आम्हांस अजून वाटतें. पण मुलगा बिघडला आहे असें जें तुम्हांस वाटतें, तें खरें नाहीं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण त्यांची एक केली आहे." मग कागद घेतला व धंद्याच्या रकान्यांत लिहिलें : "पुण्यास एका पबमध्यें बिअर तयार करण्याचे काम." शौण्डिक, सुराकार असे भारदस्त संस्कृत शब्द आम्हांस येत होते, ते मुद्दाम टाळले. कळूं नये म्हणून योजिलेला शब्द संस्कृत असला तरी तो पडदाच.

वहिनी म्हणाल्या, "आतां एकही स्थळ येणार नाहीं." आम्ही म्हणालों, "कमी येतील. पण मागचें स्थळ धंद्यामुळें गेलें कीं लपविल्यामुळें, हें आपण त्यांना कधीं विचारलें आहे काय?" त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत.

पुतण्यानें दिलेला जवाचा पाव आम्हीं त्यांच्यापुढें ठेविला. तो त्यांनीं खाल्ला नाहीं. "गाईला घालतें" म्हणाल्या, आणि खरोखरच घातला. आम्हीं आग्रह केला नाहीं. त्यांचाही नियम आहे. परंतु सायंकाळीं आम्ही अंगणांत बसलों असतां आंतून त्यांचा आवाज ऐकूं आला. दूरध्वनीवर त्या विचारीत होत्या, "जेवलास का? आणि गाडी घेऊन जात नाहींस ना रात्रीं?"

आमच्या हातचा तो कागद त्यांनीं दुसऱ्या दिवशीं स्वतःच्या अक्षरांत उतरवून काढला. धंद्याचा रकाना त्यांनीं जसाच्या तसा ठेविला आहे. आतांपर्यंत एकाच घरून उत्तर आलें आहे. मुलीनें स्वतः पत्र लिहिलें असून तिनें एकच प्रश्न विचारिला आहे : तुम्ही स्वतः किती घेतां? प्रश्न बरोबर आहे. त्याचें उत्तर मुलानें स्वतःच, स्वतःच्या शब्दांत लिहावें, असें आम्हीं त्यास कळविलें आहे.